हत्तीच्या पाठीवरचे टाके

"गियाँ-बारे सिंड्रोम," न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले. पुढचं काही सांगण्याआधी त्यांनी प्रशांतला एका दमात आकडे मोजायला लावले. प्रशांत तेवीसपर्यंत पोचला आणि थांबला. डॉक्टरांनी केसपेपरवर तेवीस लिहिलं, भोवती गोल केला आणि नर्सला सांगितलं, "दर दोन तासांनी मोजून घ्या. पंधराच्या खाली आले तर आयसीयूत हलवा, मग मला फोन करा."

प्रशांत माझा नवरा. तेव्हा वय छत्तीस. येरवड्याकडे नव्याने उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत, सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड. मी नारायण पेठेतल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक. आमची मुलगी तेजू चार वर्षांची.

हे लिहिते आहे ते अशा घरांसाठी, जिथे या आजाराचं नाव पहिल्यांदाच ऐकलं जाईल. आजार दुर्मिळ आहे. माझ्या हातून झालेली चूक मात्र तितकी दुर्मिळ नसावी.

सुरुवात पायाच्या बोटांना मुंग्या येण्याने झाली. नवे बूट चावत असतील असं वाटलं. तिसऱ्या दिवशी मुंग्या हातांत आल्या. तेव्हा दोष कीबोर्डला दिला. पाचव्या दिवशी तो ऑफिसच्या जिन्यावर कठड्याला धरून उभा राहिला, तो पुढे चढू शकला नाही. सहाव्या दिवशी दात घासताना हातातला ब्रश बेसिनमध्ये पडला. मुंग्या सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी त्याला तीन दिवस जुलाब झाले होते. ते आम्ही विसरलोही होतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आठवलं.

गियाँ-बारे सिंड्रोम म्हणजे काय, ते डॉक्टरांनी समोरच्या टेबललँपची वायर उचलून सांगितलं. आतली तांब्याची तार म्हणजे नस, वरचं प्लॅस्टिक म्हणजे नसेचं आवरण. शरीर एखाद्या जंतूशी लढतं आणि लढून झाल्यावर चुकून याच आवरणावर तुटून पडतं. आवरण गेलं की निरोप पोचत नाही. आधी पाय, मग हात, क्वचित श्वासाचे स्नायू. म्हणून ते मोजणं. एका दमात किती आकडे होतात त्यावरून छातीत किती जोर उरलाय ते कळतं.

दुसऱ्या सकाळी लंबर पंक्चर झालं. म्हणजे कमरेत सुई घालून मणक्यातलं थोडं पाणी तपासायला काढणं. माझे सासरे, बाबा, तिथेच होते. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे माल तपासणीच्या खात्यात होते. ते डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, मणक्यातलं पाणी काढलं की माणूस उभा राहत नाही म्हणतात."

"ते आत्ताही उभे राहत नाहीयेत," डॉक्टर म्हणाले. "सही कुठे करायची ते सिस्टर दाखवतील."

बाबांनी सही केली.

आकडे असे आले: वीस, अठरा, सतरा, चौदा. चौदाला प्रशांतला आयसीयूत हलवलं. उपचार सुरू झाला होता: इंट्राव्हीनस इम्युनोग्लोब्युलिन. अनेक रक्तदात्यांच्या रक्तातून वेगळी काढलेली संरक्षक प्रथिनं सलाइनसारखी शिरेतून देतात, पाच दिवस. औषध लगेच दिसेल असं काही करत नाही, हे आधीच सांगितलं होतं. तरी बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसाला दर दोन तासांनी दिसायलाच हवं असतं.

मी बातम्यांचे आकडे तपासून पगार मिळवते. एका जागी मृतांची संख्या सात आणि दुसऱ्या जागी आठ असेल तर पान अडवते. आयसीयूतल्या पहिल्या चार दिवसांत मी फक्त एक आकडा तपासत होते. तेरा. तेरा. बारा. काचेच्या दारातून नर्स बाहेर यायची आणि मी विचारायच्या आधी सांगायची. चौथ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "सोळा. आणि वर मला म्हणाले, हजेरी घेताय का?"

व्हेंटिलेटर लागला नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी घरी सोडलं. आमचं भाड्याचं घर पेठेत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून आम्ही तिघंही खडकीला, बाबांच्या तळमजल्यावरच्या घरी राहायला गेलो. प्रशांत वॉकर धरून संडासापर्यंत जाऊ शकत होता. हातांनी पेला उचलू शकत होता, पेन नाही.

पायांसाठी फिजिओथेरपी होती. हातांसाठी ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे एखादं नेमकं काम करायला लावून हाताला परत वळण लावणं. आमच्या थेरपिस्ट मृणाल मॅडम. वय जेमतेम सत्तावीस, बोलणं मोजकं. त्यांनी पहिल्याच भेटीत राखाडी फ्लॅनेलचा तुकडा, मोठ्या नेढ्याची सुई आणि कागदावर काढलेला हत्ती टेबलावर ठेवला.

"हे कशाला?" प्रशांतने विचारलं.

"शिवायला. घरी लहान मूल आहे ना?"

"मला टायपिंग करायचंय. कीबोर्ड आणतो की घरून."

"कीबोर्ड एका बोटानेही चालतो. तुम्ही ज्या बोटात जोर आहे तेवढंच वापराल. सुईला दोन बोटं लागतात, आणि टाका पडला की पडला नाही ते दिसतं."

खेळणं अगदी साधं होतं. कुणीही घरी करू शकेल असं. हत्तीची बाजूने दिसणारी आकृती, वीतभर लांब, सोंड खाली. ती कापडावर ठेवून खडूने आखायची. सारखे दोन तुकडे कापायचे. उलट्या बाजू बाहेर ठेवून दोन्ही जोडायचे आणि कडेने, अर्धं बोट आत, धावदोरा घालत जायचा. पोटाखाली तीन बोटं जागा उघडी ठेवायची. त्या जागेतून हत्ती सुलटा करायचा, आत कापूस भरायचा, पोट बंद करायचं. कान शेवटी, वेगळे. चिमटीत कापूस घेऊन पेन्सिलीच्या बोथट टोकाने सोंडेच्या टोकापर्यंत ढकलणं हा सगळ्यात अवघड व्यायाम आहे, असं मॅडम म्हणाल्या. तिथवर पोचायला दोन महिने लागले तरी हरकत नाही.

नियम दोन. रोज पंधरा मिनिटंच. नसा दमल्या की मागे सरकतात. आणि वहीत रोजचे टाके लिहायचे. वही माझ्याकडे आली.

पहिल्या आठवड्यात तो कात्री धरू शकला नाही. कापड मी ताणून धरलं, त्याने दोन्ही हातांनी कात्री चालवली. हत्तीचा मागचा एक पाय पुढच्यांहून बारीक झाला. बाबा खुर्चीवरून बघत होते. "चाळीस वर्षं मी तिकडे माल नापास केला," ते म्हणाले, "हा पास करतो."

मग टाके सुरू झाले. पहिल्या दिवशी दोन. नंतर चार, सहा, सहा, नऊ, अकरा. सहाव्या आठवड्यात एका दिवशी चौदा. मॅडमनी वही बघितली आणि मुठीने दाबायचं एक यंत्र त्याच्या हातात दिलं. डायनॅमोमीटर म्हणतात त्याला. पकडीचा जोर किलोत दाखवतो. काटा आधीच्या वेळेपेक्षा पुढे गेला. प्रशांतने यंत्र आणखी दोनदा दाबून दाखवलं, कुणी सांगितलं नसताना. घरी येईपर्यंत रिक्षात बोलत होता. आजारानंतर तो एवढा पहिल्यांदाच बोलला.

त्याच सुमारास मी अर्ध्या पाळीसाठी कामावर जाऊ लागले होते. दुपारी दोनपर्यंत घरी असायचे, मग ऑफिस. आमचे मुख्य उपसंपादक रोज विचारायचे, "हत्ती कुठवर आला?" मी आकडा सांगायचे. तो सांगताना चढता असायचा, आणि मला तो सांगायला आवडू लागलं होतं. हे नोंदवून ठेवते, कारण पुढचं त्यातून झालं.

सातव्या आठवड्यात चौदाचे बारा झाले. मग नऊ.

उकाडा होता. तेजूच्या सर्दीने सगळ्यांची झोप मोडली होती. त्याच्या कंपनीतून फोन आला होता. परदेशातल्या एका कामासाठी त्याचं नाव राखून ठेवलंय, पण फार दिवस ठेवता येणार नाही, असं सभ्य शब्दांत सांगितलं गेलं होतं. नऊला कारणं भरपूर होती.

आठव्या आठवड्यात, मॅडमकडे जायच्या आदल्या दिवशी, त्याने सात टाके घातले. पंधरा मिनिटं पूर्ण झाल्यावर सुई कापडातच ठेवून तो आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मी हत्ती हातात घेतला. टाके लांब लांब पडले होते. दोन तर कडेवरून निसटले होते.

मी ते दोन उसवले. पुन्हा घातले. मग त्याच ओळीत पुढे आणखी पाच घातले, त्याच्यासारखेच थोडे वाकडे. मोजले. बारा. वहीत बारा लिहिलं.

वहीत खोटा आकडा लिहायला माझा हात धजावला नसता. म्हणून मी आधी टाके घातले. रकान्याचं नाव 'आजचे टाके' असं होतं. कुणाचे, ते त्यात विचारलेलं नव्हतं. इतकी पळवाट काढणारा वार्ताहर माझ्या टेबलापाशी आला असता तर मी त्याची बातमी परत पाठवली असती.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या यंत्रावर काटा दोन किलोने खाली आला. त्यांनी भुवया आवळल्या. यंत्र पुन्हा दिलं. काटा तेवढाच. मग त्यांनी हत्ती उलटासुलटा करून पाहिला, वही पाहिली.

"रिक्षाने आलात ना? हादरे बसले की पकड कमी येते," त्या म्हणाल्या. "काम मात्र टिकून आहे. मी सरांना तसं लिहिते."

सर म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट. त्यांच्याकडे दोन आठवड्यांनी जायचं होतं. मॅडमची चिठ्ठी पोचल्यावर त्यांच्या सहायकाचा फोन आला: प्रगती समाधानकारक आहे, सहा आठवड्यांनी आलात तरी चालेल.

मी आनंदाने हो म्हटलं. ही तारीख माझ्या पाच टाक्यांनी ढकलली आहे, हे त्या क्षणी लक्षात आलं नाही असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. लक्षात आलं होतं. मी दुसरं काहीतरी करायला उठले.

पुढच्या दोन आठवड्यांत मी तेच आणखी सहा वेळा केलं. त्याचे सहा, माझे पाच. त्याचे चार, माझे सात. दरवेळी वाटायचं, उद्या त्याचे वाढतील, मग आपोआप माझे थांबतील. प्रशांत वही मागायचा नाही. हत्ती हातात घ्यायचा, शेवटच्या टाक्यावरून अंगठा फिरवायचा आणि तिथून पुढे सुरू करायचा. अंगठ्याला कळत नसावं असं मी धरून चालले. बोटांची संवेदना कमी झालीच होती.

या काळात घरात इतरही गोष्टी होत होत्या, त्या मी सुट्या सुट्या पाहत होते. तो शर्टाऐवजी टीशर्ट मागू लागला. "बटणांचा कंटाळा आलाय," म्हणाला. संध्याकाळी अंगणात वॉकरने दोन फेऱ्या मारायचा, त्याची एक झाली. एकदा तेजू त्याच्या मांडीवरून घसरली, आणि त्याने धरली नाही. ती रडली नाही. त्यालाच घाम फुटला.

एका सकाळी चहाच्या वेळी बाबा मला स्वयंपाकघराच्या दारात म्हणाले, "वैशाली, तो पेला दोन हातांनी धरतोय. मागच्या पंधरवड्यात एका हाताने धरत होता."

"टाके बरे पडतायत, बाबा."

"कोण मोजतं?"

"मी."

"आणि वहीत लिहितं कोण?"

"मीच."

"आमच्याकडे नसतं चाललं," बाबा म्हणाले. "बनवणाऱ्याने मोजायचं नाही, मोजणाऱ्याने बनवायचं नाही. तो नियम होता. एखादी खेप नापास झाली तर शेजारच्या यंत्रावरचा माणूस भांडायचा, पण गोळा हातात फुटायचा नाही."

त्यांना काही कळलं होतं म्हणून ते बोलले नव्हते. ते नेहमीसारखे कारखान्याबद्दल बोलत होते. मी ओट्याशी उभी राहून दुधाच्या हिशेबाच्या कागदामागे त्याचेच टाके आठवून लिहून काढले. चौदा, बारा, नऊ, सात, सहा, सहा, चार, चार, तीन. अशी रांग कुणी समोर ठेवली असती तर मथळा द्यायला मला एक मिनिट लागलं नसतं.

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, लगेच या.

प्रशांतला रिक्षात काही सांगितलं नाही. मॅडमच्या टेबलापाशी पोचल्यावर, त्याच्यासमोरच, एका वाक्यात सांगितलं: यातले काही टाके माझे आहेत.

मॅडमनी का म्हणून विचारलं नाही. त्यांनी लाल पेन्सिल पुढे केली. "कुठले?"

हत्ती अजून उलटाच होता, शिवण बाहेर. मी सोंडेपासून सुरुवात केली. मुद्रितशोधनात चूक सापडली की ओळीवर खूण करतो, तशी एकेका टाक्यावर करत गेले. पाठीवर बहुतेक सगळे माझे निघाले. एक्केचाळीस. मॅडमनी उरलेले मोजले, वहीतल्या तारखांशी लावले आणि दुसऱ्या कागदावर आलेख काढला. तो सहाव्या आठवड्यापर्यंत चढत होता आणि मग खाली येत होता.

"हे सरांना आज दाखवायला हवं," त्या म्हणाल्या. "उद्या नको, आज."

प्रशांतने हत्ती पुढे ओढून घेतला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "त्या मानेवरच्या दोन खुणा राहिल्या."

मी पेन्सिल तिथे नेली.

"मला गाठ मारता येत नाही, वैशाली. तिथे गाठ आहे. पहिल्याच दिवशी दिसली."

"मग बोलला का नाहीस?"

"तू रोज आकडा लिहून झाल्यावर वही मिटायचीस ना, तेव्हा तुझा चेहरा जरा बरा असायचा. घरात तेवढंच बरं दिसत होतं. आणि वाटायचं, लिहिलंय तर होईलही."

मॅडम म्हणाल्या, "आता दोघांनी जरा गप्प बसा, मला चिठ्ठी लिहायचीय." त्या त्रेचाळीस लिहायला विसरल्या नाहीत.

न्यूरॉलॉजिस्टनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. घोट्यावर, कोपरावर, पुन्हा गुडघ्यावर. मग म्हणाले, "हे उतरायला कधी लागलं?"

"तीन आठवडे झाले," मी सांगितलं.

"म्हणजे मला तीन आठवड्यांपूर्वी कळायला हवं होतं." एवढं बोलून त्यांनी नर्व्ह कंडक्शन स्टडीचा कागद भरला. ही नसांमधून विजेचा सौम्य झटका पाठवून तो किती वेगाने पोचतो ते मोजायची तपासणी. हातापायांवर तारा चिकटवतात, झटका बसला की बोट आपोआप उडतं. प्रशांतची बोटं थोडी उशिराच उडत होती. ते शेजारी उभ्या असलेल्या, काही न समजणाऱ्या माणसालाही दिसत होतं.

आजाराचं नाव बदललं. क्रॉनिक इन्फ्लमेटरी डिमायलिनेटिंग पॉलिन्युरोपॅथी. बोलताना सगळे सीआयडीपी म्हणतात. डॉक्टरांनी पुन्हा वायर उचलली. गियाँ-बारेत आवरण एकदा सोलवटतं आणि मग शरीर ते दुरुस्त करत जातं. यात दुरुस्ती चालू असतानाच पुन्हा हल्ला होतो, आणि होत राहतो. सुरुवात कधी कधी हुबेहूब गियाँ-बारेसारखी असते. फरक ओळखायचा एकच मार्ग: दोन महिने उलटल्यावरही ताकद उतरते आहे का, यावर नजर ठेवणं.

"गियाँ-बारेत स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. यात होतो. म्हणून नाव महत्त्वाचं," ते म्हणाले. "तुमच्यासारख्या घरातून येणाऱ्या माहितीवरच हे नाव ठरतं. आमच्याकडे माणूस महिन्यातून दहा मिनिटं असतो."

मी विचारलं, "तीन आठवडे उशीर झाला. त्याने काही कायमचं..."

"सांगता येणार नाही. नुसतं आवरण गेलं असेल तर परत येतं. आतल्या तारेला धक्का लागला असेल तर काही बोटं पूर्ण येणार नाहीत. वाट बघावी लागेल."

पुन्हा पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन, आणि सकाळी प्रेडनिसोलोन नावाच्या स्टिरॉइडच्या गोळ्या. वाट बघण्याचे हे दिवस आयसीयूबाहेरच्या दिवसांपेक्षा वाईट होते, कारण तेव्हा आजारात माझा हात नव्हता. प्रशांतचा चेहरा गोळ्यांनी सुजला. साखर वाढते का ते बघायला रोज बोट टोचायचं, तो बोट पुढे करायचा आणि म्हणायचा, "सुई टोचलेली कळते आहे. हे लिही." मी लिहायचे नाही. वही आता बाबांकडे होती. ते चष्मा पुसून, टाके दोनदा मोजून, खाली सही करून ठेवायचे. तीन. तीन. दोन. तीन. त्यांच्या सहीखाली तीन हा आकडा फारच सरकारी दिसायचा.

मॅडमनी माझे सगळे टाके उसवायला सांगितलं होतं. ते मीच उसवले. पाठ पूर्ण उघडी पडली. प्रशांतला तिथून पुन्हा सुरुवात करायची होती.

औषध सुरू झाल्यापासून सोळाव्या दिवशी बाबांनी पाच लिहिले. त्या दिवशी मी ऑफिसात कुणाला काही सांगितलं नाही. सतराव्या दिवशी पुन्हा चार झाले. मग सहा. आठ. आठ. अकरा. मुठीच्या यंत्राचा काटा सावकाश, मागेपुढे करत चढला. चार महिन्यांनी प्रशांतने पेन्सिलीने सोंडेत कापूस ढकलला. त्याला पूर्ण एक आठवडा लागला. पोटाची शिवण घालून गाठ मारायला आणखी दोन दिवस.

तेजूने हत्ती जमिनीवर ठेवला. तो बारक्या पायाकडे कलंडला. "आजोबा, हा उभा राहत नाही," तिने तक्रार केली.

"टेकवून ठेव," आजोबा म्हणाले. "बसतो की."

आज प्रशांत कामावर जातो. परदेशातलं ते काम दुसऱ्याला मिळालं. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट अजून बधिर आहेत. तो आठ बोटांनी टाइप करतो. ही दोन बोटं त्या तीन आठवड्यांची आहेत की आजाराची, हे मी डॉक्टरांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "मला माहीत नाही, आणि तुम्हालाही कळणार नाही." याहून बरं उत्तर असतं तर ते खोटं असतं. मी ते तसंच ठेवलं आहे.

ज्यांच्या घरी लांबणारा आजार आहे त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. रुग्णाला धीर द्यायला शब्द वापरा. त्याची कामं करून देऊ नका, निदान ज्या कामांवरून त्याला मोजलं जातं ती तरी नाही. वही असेल तर ती घरातल्या सगळ्यात कोरड्या माणसाकडे द्या. वाईट दिवस वाईट म्हणून लिहा. आणि रुग्ण गप्प आहे याचा अर्थ त्याला कळलेलं नाही असा धरू नका.

मृणाल मॅडमचे आभार मी अजून नीट मानलेले नाहीत. त्या दिवशी त्यांनी कारण विचारलं असतं तर मी अर्धा तास बोलले असते, आणि ते सगळं पटण्यासारखं असतं.

गेल्या महिन्यात स्टिरॉइडची मात्रा निम्म्यावर आणली. अशा प्रत्येक वेळी पुढचे काही आठवडे आम्ही दोघंही जरा हळू आवाजात वावरतो. दहाव्या दिवशी सकाळी न्याहारी झाल्यावर ताटली विसळताना ती प्रशांतच्या हातून सुटली. स्टीलची होती, मोरीत बराच वेळ वाजत राहिली. तेजू शाळेला निघाली होती. मी दारात तिची वेणी घालत होते. मी वळले नाही. साबण असेल, असं म्हणायला तोंड उघडलं होतं.

"उजव्या हातातून पडली," आतून तो म्हणाला. "फोन लाव."

मी लावला. त्याच दुपारी पाच मिनिटांत तपासणी झाली. हातोडी मारल्यावर पाय हलला, यंत्राचा काटा जिथे होता तिथेच आला. डॉक्टरांनी फाइल मिटली. "काही नाही. साबण असेल," ते म्हणाले. "पुढच्या वेळी पडली तरी या."